पोर्टलेटची रिक्वेस्ट सर्व्हलेटच्या रिक्वेस्टमध्ये कास्ट काहून होत नाही?

खामला_कोडर, नागपूर

नमस्कार मंडळी,

आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. आजवर साधं सर्व्हलेट (ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास), जेएसपी आणि थोडं स्प्रिंग बूट केलंय. आता एका सरकारी कार्यालयाचं जुनं तक्रार पोर्टल आमच्याकडे मेंटेनन्सला आलं. लाइफरे ६.२ (पोर्टल बांधायचं सॉफ्टवेअर), टॉमकॅट ७, जावा ७. ज्यांनी बांधलं ते कधीचेच निघून गेले. डॉक्युमेंट म्हणून एक वर्ड फाइल दिली, तिच्यात नुसते स्क्रीनशॉट.

मुख्य पानावर तीन पोर्टलेट, म्हणजे पानाचे वेगवेगळे चालणारे तुकडे, आहेत: तक्रारीचा फॉर्म, "माझ्या तक्रारी" ही यादी आणि सूचना फलक. माझ्याकडे तीन कामं आली आणि तिन्ही अडकून राहिली.

पहिलं, तक्रार नोंदवताना अर्जदाराचा आयपी लॉगमध्ये टाकायचा. आमच्याकडे त्याचा युटिलिटी क्लास तयार आहे, त्याला एचटीटीपी-सर्व्हलेट-रिक्वेस्ट लागते. मी प्रोसेस-अ‍ॅक्शनमध्ये अ‍ॅक्शन-रिक्वेस्ट सरळ कास्ट केली तर क्लास-कास्ट-एक्सेप्शन. मग तेच जेएसपीत करून पाहिलं, तिथे रिक्वेस्ट ऑब्जेक्ट सर्व्हलेटवालाच आहे, कास्टची गरजच नाही. पण गेट-रिमोट-अ‍ॅड्रेस नल देते!

दुसरं, अर्जदाराला एसएमएसने लिंक जाते, तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि टीआयडी बरोबर तक्रार क्रमांक. लिंक उघडल्यावर ब्राउझरच्या पट्टीत क्रमांक डोळ्यांना दिसतो, रेंडर-रिक्वेस्टचं गेट-पॅरामीटर मात्र नल.

तिसरं, पोचपावतीची पीडीएफ. त्यासाठी त्याच वॉरमध्ये (अ‍ॅप्लिकेशनच्या पॅकेज फाइलमध्ये) एक सर्व्हलेट आहे. पोर्टलेटमध्ये सेशनला तक्रार ठेवतो, सर्व्हलेटमध्ये त्याच नावाने काढतो, तर तिथे काहीच नाही.

सीनियर म्हणतात, "पोर्टलेट म्हणजे सर्व्हलेटच असतं बे, घाबरू नको." मग कास्ट काहून होत नाही? आणि जेएसपीत मिळणारी ती रिक्वेस्ट नेमकी कोणाची?


मनीषनगर_मार्गे

भाऊ, दोन ओळींचं काम आहे. लाइफरेच्या पोर्टल-युटिल क्लासचं गेट-एचटीटीपी-सर्व्हलेट-रिक्वेस्ट बोलाव, जे मिळेल ते गेट-ओरिजिनल-सर्व्हलेट-रिक्वेस्टला दे. मूळ रिक्वेस्ट हातात येते. आयपी पण मिळेल, टीआयडी पण मिळेल. आम्ही प्रत्येक पोर्टलेटच्या पहिल्या ओळीत हेच करतो आणि पुढे सर्व्हलेटसारखा कोड लिहितो. सेशनचं माहीत नाही.


जुनी_जावा, त्रिमूर्तीनगर

मनीषनगरच्या दोन ओळी चालतात, पण प्रत्येक पोर्टलेटच्या पहिल्या ओळीत त्या टाकायच्या असतील तर पोर्टलेट लिहायचंच कशाला? मूळ भानगड समजून घे, म्हणजे तुझ्या तीन अडचणींपैकी कुठे त्या लागतात आणि कुठे नाही हे तुझं तुलाच दिसेल. जरा लांब लिहिते. मेथडची नावं देवनागरीत सैल लिहिलीत, एडिटर पूर्ण करून देईल.

तुझ्या सीनियरचं वाक्य अर्धं खरं आहे. पोर्टलेट कंटेनर हा सर्व्हलेट कंटेनरच्या डोक्यावर बसलेला असतो. तुझं पोर्टलेट वॉरमध्येच येतं, त्याला वेब-एक्सएमएल असतं, आत सर्व्हलेट आणि जेएसपीही राहू शकतात. पण पोर्टलेट-रिक्वेस्ट ही सर्व्हलेट-रिक्वेस्टची मुलगी नाही. जावाएक्स-पोर्टलेट या पॅकेजमधला तो वेगळा इंटरफेस आहे, तो सर्व्हलेटच्या कुठल्याच इंटरफेसला एक्स्टेंड करत नाही. २००३ मध्ये जेएसआर १६८ (पोर्टलेटचं पहिलं स्पेसिफिकेशन) आलं तेव्हापासून असंच आहे, २००८ च्या जेएसआर २८६ मध्येही तसंच ठेवलं. हे मुद्दाम केलेलं आहे. सर्व्हलेटला स्वतःचा यूआरएल असतो, अख्खा रिस्पॉन्स त्याचा असतो. पोर्टलेटला यातलं काहीच नाही. पान पोर्टलचं, पत्ता पोर्टलचा, एचटीएमएलचं हेड आणि बॉडी पोर्टलची. पोर्टलेटच्या वाट्याला पानाचा एक तुकडा येतो. मग त्याच्या हातात अख्ख्या पानाची रिक्वेस्ट द्यायची तरी का?

तुमचं गिऱ्हाईक सरकारी कार्यालय आहे म्हणून तिथलंच उदाहरण देते. अर्ज येतो आवक खिडकीवर, एकच. खिडकीवरचा बाबू शिक्का मारतो आणि ज्या टेबलाचं जे काम, तेवढा कागद त्या टेबलावर पाठवतो. टेबलावरच्या माणसाला त्याची फाइल दिसते, खिडकीसमोर उभा माणूस दिसत नाही.

आता तुझ्याच पानावर एक क्लिक पाहू. अर्जदाराने फॉर्म भरून "नोंदवा" दाबलं. ब्राउझरकडून एकच पोस्ट रिक्वेस्ट निघाली. यूआरएलमध्ये पी-पी-आयडी आहे, त्यात फॉर्म पोर्टलेटचं नाव, मग वॉर हा शब्द, मग तुझ्या अ‍ॅप्लिकेशनचं नाव. शेजारी पी-पी-लाइफसायकल बरोबर १. ही १ म्हणजे अ‍ॅक्शन. नुसतं दाखवायचं असेल तर ०, रिसोर्स हवा असेल तर २. पोर्टलच्या सर्व्हलेटने हे वाचलं, फॉर्म पोर्टलेटसाठी एक अ‍ॅक्शन-रिक्वेस्ट तयार केली आणि प्रोसेस-अ‍ॅक्शन एकदाच बोलावलं. बाकीच्या दोघांना याचा पत्ताही नाही. ते पूर्ण झाल्यावर पान काढायची वेळ येते, तेव्हा तिन्ही पोर्टलेटसाठी तीन वेगवेगळ्या रेंडर-रिक्वेस्ट बनतात आणि तिघांचं रेंडर होतं. आधी कोणाचं, नंतर कोणाचं हे ठरलेलं नाही. स्पेसिफिकेशनप्रमाणे कंटेनर ती कामं एकाच वेळीही करू शकतो.

विश्वास नसेल तर तिन्हींच्या डू-व्ह्यूमध्ये (रेंडरच्या वेळी चालणारी मेथड) रिक्वेस्टचा आयडेंटिटी-हॅशकोड लॉग कर आणि पान एकदा उघड. तीन आकडे वेगळे येतील. त्याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल: फॉर्मवरचं बटण दाबलं तरी "माझ्या तक्रारी"च्या यादीची क्वेरी परत चालते. कोणी त्या डू-व्ह्यूमध्ये जड रिपोर्ट टाकून ठेवला असेल, तर सूचना फलकाचं पुढचं पान पाहणाऱ्यालाही तो रिपोर्ट भोगावा लागतो. मेंटेनन्सला आलेल्या पोर्टलात मी सगळ्यात आधी हेच शोधते. "पोर्टल फार स्लो आहे हो मॅडम" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

आणखी एक बारकावा. गेट-मेथड, गेट-कंटेंट-टाइप आणि इनपुट स्ट्रीम वाचायच्या मेथड अ‍ॅक्शन-रिक्वेस्टवर आहेत, रिसोर्स-रिक्वेस्टवर आहेत. रेंडर-रिक्वेस्टवर शोधून पाहा, सापडणार नाहीत. कारण रेंडरपर्यंत येताना फॉर्मची बॉडी संपलेली असते. म्हणून पोर्टलेट-रिक्वेस्ट असं मोघम म्हणू नकोस, कुठल्या फेजची रिक्वेस्ट हे आधी बघ.

आता तुझी जेएसपी. पोर्टलेट तिला पोर्टलेट-रिक्वेस्ट-डिस्पॅचरने इन्क्लूड करतं. जेएसपी शेवटी सर्व्हलेटच, तिला चालायला सर्व्हलेटवाली रिक्वेस्ट हवीच. म्हणून कंटेनर तिथे एक एचटीटीपी-सर्व्हलेट-रिक्वेस्ट उभी करतो, पण ती पोर्टलेटच्या रिक्वेस्टचा मुखवटा असते. तिचे पॅरामीटर आणि अ‍ॅट्रिब्यूट पोर्टलेटकडून येतात. गेट-रिमोट-अ‍ॅड्रेस, गेट-रिमोट-होस्ट आणि गेट-रिक्वेस्ट-यूआरएल यांनी नल द्यायचं असं स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय. तुला नल आला तो बग नाही, नियम आहे. आणि गेट-रिक्वेस्ट-यूआरआय विचारलंस तर ब्राउझरमधला पत्ता नाही, डिस्पॅचरला दिलेला जेएसपीचा पाथ येईल. त्या जेएसपीत खरी पोर्टलेटवाली रिक्वेस्ट हवी असेल तर डिफाइन-ऑब्जेक्ट्स टॅग टाक, रेंडर-रिक्वेस्ट नावाचा व्हेरिएबल मिळतो. तीच वस्तू जावाएक्स-डॉट-पोर्टलेट-डॉट-रिक्वेस्ट या नावाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्येही असते.

आयपीसाठी मात्र मनीषनगरच्या दोन ओळी बरोबर. अर्जदार कुठून बोलतो हे खरंच अख्ख्या रिक्वेस्टचं प्रकरण आहे, पोर्टलेटच्या तुकड्याचं नाही, आणि पोर्टलेट-रिक्वेस्टवर गेट-रिमोट-अ‍ॅड्रेस मेथडच नाही. फक्त हे अ‍ॅक्शनमध्ये कर, जेएसपीत नको. आणि समोर एनजिनेक्स किंवा लोड बॅलन्सर आहे का विचारून घे. असेल तर मूळ रिक्वेस्टचा आयपीही त्या प्रॉक्सीचाच येईल, आणि अख्ख्या जिल्ह्याच्या तक्रारी दहाने सुरू होणाऱ्या एकाच पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतील. त्यावर एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर जिथे-तिथे हाताने वाचू नकोस, ते कोणीही खोटं पाठवू शकतं. टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व आहे, त्यात आपल्या प्रॉक्सीचे पत्ते सांगून ठेव. मग गेट-रिमोट-अ‍ॅड्रेस आपोआप खऱ्या माणसाचा पत्ता देईल आणि तुमचा तो युटिलिटी क्लास हात न लावता चालेल.

एसएमएसची लिंक. लाइफरे ६.२ पासून पॅरामीटरला पोर्टलेटचं नेमस्पेस (नावापुढे लागणारी त्या पोर्टलेटची खूण) लावणं सक्तीचं केलंय. पानावर तीन पोर्टलेट आहेत, तिघांनाही टीआयडी नावाचं पॅरामीटर असू शकतं, मग पट्टीतलं टीआयडी कोणाचं? म्हणून ज्याच्यापुढे तुझ्या पोर्टलेटचं नेमस्पेस नाही ते तुला दाखवलंच जात नाही. याच कारणाने फॉर्ममधल्या फील्डच्या नावापुढे नेमस्पेस टॅग लावावा लागतो. ६.१ वरून ६.२ वर आलेल्या पोर्टलांत फॉर्म अचानक रिकामे यायला लागतात ते यामुळे.

इथे मार्ग तीन. लाइफरे-पोर्टलेट-एक्सएमएलमध्ये रिक्वायर्स-नेमस्पेस्ड-पॅरामीटर्स फॉल्स करायचं; चालतं, पण मग पानावर कोणाचंही टीआयडी तुझं होतं. मूळ रिक्वेस्टमधून काढायचं, हेही चालतं. तिसरा, आणि मी असते तर हाच घेतला असता: फ्रेंडली-यूआरएल-मॅपर. रूट्स-एक्सएमएलमध्ये पॅटर्न द्यायचा. पानाच्या पत्त्यापुढे स्लॅश, डॅश, स्लॅश, मग तुझं मॅपिंग आणि तक्रार क्रमांक. लाइफरे स्वतः तो क्रमांक उचलून तुझ्या पोर्टलेटच्या नेमस्पेसमध्ये टाकतं आणि साधं गेट-पॅरामीटर चालतं. लिंकही छोटी होते, एसएमएसमध्ये जागा वाचते. आणि क्रमांक ओळीने वाढणारे असतील तर एकाची लिंक बदलून दुसऱ्याची तक्रार उघडता येते का हे आजच तपास.

पीडीएफचं नंतर लिहिते. लाइट गेली, कूलर बंद, लॅपटॉपची बॅटरी किती टिकेल सांगता येत नाही.


मनीषनगर_मार्गे

ताई, तुमचं पटतं, पण आमचा कोड चार वर्षांपासून असाच चालून राहिला आहे. मूळ रिक्वेस्ट घेतल्याने नेमकं तुटतं काय?


जुनी_जावा, त्रिमूर्तीनगर

लाइट आली. आधी मनीषनगर.

एक म्हणजे पोर्टल-युटिल लाइफरेचा क्लास आहे. उद्या ते पोर्टलेट अपाचे प्लूटोवर किंवा दुसऱ्या पोर्टलवर न्यायचं ठरलं तर कंपाइलसुद्धा होणार नाही. हे तुम्हाला लागू नसेल, सोडा. दुसरं लागू आहे. मूळ रिक्वेस्टचं गेट-पॅरामीटर वापरलं की नेमस्पेसची भिंत पडते. एकच पोर्टलेट पानावर दोनदा टाकलं, समजा दोन विभागांच्या दोन याद्या, तर पहिल्या यादीच्या "पुढचं पान"वर क्लिक केल्यावर दुसरीही पुढच्या पानावर जाते, कारण दोघी एकाच पट्टीतला पान क्रमांक वाचतात. चार वर्षांत तुमच्याकडे कोणी एका पानावर दोन टाकले नसतील, एवढंच.

तिसरं, मूळ रिक्वेस्टवर ठेवलेले अ‍ॅट्रिब्यूट. लाइफरेमध्ये प्रायव्हेट-रिक्वेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट्स हे सेटिंग मुळात ट्रू असतं, म्हणजे एका पोर्टलेटने ठेवलेलं दुसऱ्याला दिसत नाही. तुम्ही आवरणं काढून थेट मुळावर "यादी" नावाचं काही ठेवलंत आणि शेजारच्यानेही तेच नाव घेतलं, तर ज्याचं रेंडर नंतर त्याचं राज्य.

आता खामल्याची पीडीएफ. सेशनच्या बाबतीत मात्र पोर्टलेट आणि सर्व्हलेट खरोखर एकाच घरात राहतात. पोर्टलेट-सेशनमधली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच वॉरच्या एचटीटीपी-सेशनमध्ये जाते. पण पोर्टलेट-सेशनला दोन स्कोप आहेत. सेट-अ‍ॅट्रिब्यूटला नुसतं नाव आणि वस्तू दिलीस की ते पोर्टलेट-स्कोपमध्ये जातं. आणि तिथे कंटेनर नाव बदलून ठेवतो: जावाएक्स-डॉट-पोर्टलेट-डॉट-पी-डॉट, मग त्या पोर्टलेट विंडोचा आयडी, मग प्रश्नचिन्ह, मग तू दिलेलं नाव. तुझा सर्व्हलेट साध्या नावाने हाक मारतो, म्हणून नल. सर्व्हलेटमध्ये सेशनची सगळी नावं एकदा लॉग कर, तुझी तक्रार त्या लांबलचक नावाखाली बसलेली दिसेल.

तिसरा आर्ग्युमेंट अ‍ॅप्लिकेशन-स्कोप दिलास की नाव जसंच्या तसं राहतं आणि सर्व्हलेटला दिसतं. म्हणजे एका शब्दात काम होतं. तरी तो सर्व्हलेटच काढून टाक असं मी म्हणेन. तो सर्व्हलेट पोर्टलच्या बाहेरून थेट बोलावला जातो. तिथे लाइफरेचा थीम-डिस्प्ले (पान आणि लॉगिनची माहिती देणारी वस्तू) नाही, पोर्टलेटच्या परवानग्या तपासल्या जात नाहीत, लॉगिन कोणाचं आहे हे तू स्वतः शोधायचं. ज्याला पत्ता माहीत तो दार वाजवणार. जेएसआर २८६ मध्ये सर्व्ह-रिसोर्स नेमकं या कामासाठी आलंय. जेएसपीत रिसोर्स-यूआरएल टॅगने लिंक बनव. क्लिक झाल्यावर फक्त तुझ्या पोर्टलेटला रिसोर्स-रिक्वेस्ट मिळते, बाकी दोघांचं रेंडर होत नाही, पानाची थीम लागत नाही. कंटेंट-टाइप अ‍ॅप्लिकेशन-पीडीएफ ठेव, कंटेंट-डिस्पोझिशन हेडर अ‍ॅड-प्रॉपर्टीने दे, पोर्टलेट-आउटपुट-स्ट्रीमवर बाइट लिही. सेशनला तक्रार ठेवायचीही गरज नाही. क्रमांक रिसोर्स-यूआरएलच्या पॅरामीटरमध्ये दे, ती तक्रार याच माणसाची आहे का ते बघ, डेटाबेसमधून वाच, संपलं.

२००३ च्या पहिल्या स्पेसिफिकेशनमध्ये ही सोय नव्हती. फाइल डाउनलोडसाठी बाजूला सर्व्हलेट ठेवणं हाच रस्ता होता. तुझं पोर्टल ज्यांनी लिहिलं ते त्या काळातले असावेत, सवयीने तसंच करत राहिले.


वर्धा_रोड

मी आता पोर्टलवर काम करत नाही, पण पूर्वी प्लूटोवर केलंय, म्हणून ताईंच्या सेशनच्या मुद्द्याला एक जोड. पोर्टल एका वॉरमध्ये आणि पोर्टलेट दुसऱ्या वॉरमध्ये असतं. पोर्टल दुसऱ्या वॉरच्या आत जातं ते सर्व्हलेटच्याच जुन्या वाटेने: दुसरा सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट काढायचा, त्याचा रिक्वेस्ट-डिस्पॅचर घ्यायचा, इन्क्लूड करायचं. प्लूटो त्यासाठी तुमच्या वेब-एक्सएमएलमध्ये पोर्टलेट-सर्व्हलेट नावाचा एक सर्व्हलेट घुसवतं. टॉमकॅटमध्ये क्रॉस-कॉन्टेक्स्ट ट्रू नसेल तर ही वाटच बंद. खामला_कोडरच्या सीनियरना एवढं तरी सांगायला हरकत नाही की तळाला सर्व्हलेटच आहे.

आणि पोर्टल रूट कॉन्टेक्स्टवर नसेल, म्हणजे प्लूटो त्याच्या स्वतःच्या पाथवर चालत असेल, तर बाजूच्या सर्व्हलेटला सेशनची कुकी जातच नाही, कारण कुकीचा पाथ वेगळा. टॉमकॅट ७ मध्ये कॉन्टेक्स्टला सेशन-कुकी-पाथ स्लॅश द्यावा लागतो. लाइफरे बहुतेक ठिकाणी रूटवर असतं म्हणून हा त्रास कळत नाही.


खामला_कोडर, नागपूर

ताई, भाऊ, मनापासून आभार. हॅशकोडवाला लॉग टाकला आणि खरंच तीन वेगळे आकडे आले. सीनियरना दाखवले. ते म्हणाले "हो, तसं असतंच," आणि तर्री-पोहे आणायला निघून गेले.

आयपी झाला. समोर प्रॉक्सी होतीच, रिमोट-आयपी-व्हॉल्व टाकला. पीडीएफ सर्व्ह-रिसोर्समध्ये नेली. फ्रेंडली यूआरएल आज बसतोय.

आता दोन नवे प्रश्न. एक, आधीच्या लोकांनी वेब-एक्सएमएलमध्ये स्लॅश-स्टारवर एक सर्व्हलेट फिल्टर ठेवलाय, मराठी इनपुट साफ करायला. तो पोर्टलेटवर चालताना दिसत नाही. दोन, तक्रार नोंदवल्यावर एफ-५ दाबलं की तीच तक्रार पुन्हा नोंदली जाते. प्रोसेस-अ‍ॅक्शनमध्ये रिक्वेस्टला "यशस्वी" अ‍ॅट्रिब्यूट लावून जेएसपीत संदेश दाखवलाय.


जुनी_जावा, त्रिमूर्तीनगर

फिल्टर आधी. ब्राउझरची रिक्वेस्ट पोर्टलच्या पत्त्यावर येते, तुझ्या वॉरच्या पत्त्यावर येतच नाही. तुझ्या वॉरमध्ये ती इन्क्लूडच्या वाटेने शिरते, जसं वर्धा रोडने सांगितलं. फिल्टर-मॅपिंगमध्ये डिस्पॅचर लिहिला नाही तर फिल्टर फक्त थेट आलेल्या रिक्वेस्टवर चालतो. म्हणजे तो इतकी वर्षं त्या पीडीएफ सर्व्हलेटवर तेवढा चालत होता, आणि फॉर्मचं मराठी इनपुट साफ न होताच डेटाबेसमध्ये जात होतं. जुना डेटा एकदा उघडून बघ. इन्क्लूड डिस्पॅचर लावून बघायचा मोह होईल, करू नकोस. तो जेएसपीच्या इन्क्लूडवरही चालेल आणि कधी काय साफ झालं ते कळणार नाही. पोर्टलेटचे स्वतःचे फिल्टर आहेत, जेएसआर २८६ पासून. अ‍ॅक्शन-फिल्टर इम्प्लिमेंट कर, पोर्टलेट-एक्सएमएलमध्ये नोंदव, लाइफसायकल अ‍ॅक्शन-फेज. आत अ‍ॅक्शन-रिक्वेस्ट-रॅपर बनवून गेट-पॅरामीटर ओव्हरराइड कर. तुझ्या जुन्या फिल्टरमधला साफ करायचा कोड उचलून तिथे ठेवता येईल, फक्त आवरणाचा प्रकार बदलतो.

एफ-५ चं: अ‍ॅक्शननंतर लाइफरे त्याच एचटीटीपी रिक्वेस्टमध्ये पान काढून देतं, म्हणून ब्राउझरच्या पट्टीत लाइफसायकल १ तशीच राहते. एफ-५ म्हणजे पुन्हा अ‍ॅक्शन. शेवटी सेंड-रीडायरेक्ट कर. पण रीडायरेक्ट केलं की तुझा "यशस्वी" अ‍ॅट्रिब्यूट हरवेल, कारण पुढची एचटीटीपी रिक्वेस्ट नवी. खरं तर रीडायरेक्ट नसतानाही अ‍ॅक्शनमधला अ‍ॅट्रिब्यूट रेंडरला मिळेल असं धरून चालायचं नाही. स्पेसिफिकेशन तशी हमी देत नाही, त्यासाठी अ‍ॅक्शन-स्कोप्ड-रिक्वेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट्स हा वेगळा ऑप्शन कंटेनरला मागावा लागतो. लाइफरेमध्ये सेशन-मेसेजेसचं अ‍ॅड अ‍ॅक्शन-रिक्वेस्टवर बोलाव आणि जेएसपीत सक्सेस टॅग लाव, तो संदेश रीडायरेक्ट ओलांडून पुढच्या पानावर दिसतो. तक्रार क्रमांक दाखवायचा असेल तर ज्या रेंडर यूआरएलवर पाठवतोयस त्यालाच पॅरामीटर म्हणून लाव.


इतवारीचा_जावावाला

एक बाजूचा प्रश्न. हे सगळं आता शिकण्यात काही राम आहे का? माझ्या धाकट्या भावाला मिहानमधल्या एका कंपनीत लाइफरेचं काम देऊन राहिले.


वर्धा_रोड

स्प्रिंगने २०१७ मध्ये ५.० काढताना पोर्टलेट एमव्हीसी काढून टाकलं, यावरून अंदाज घ्या. पण त्याच वर्षी पोर्टलेट ३.० म्हणजे जेएसआर ३६२ सुद्धा आलं, त्यात हेडर-रिक्वेस्ट नावाची नवी फेज आहे, पानाच्या हेडमध्ये काही टाकायचं असेल तर. नवं कोणी सुरू करत नसेल, पण सरकारी आणि बँकांच्या जुन्या पोर्टलांना माणसं लागतातच. भावाला म्हणावं घे, पण सोबत साधं स्प्रिंग बूट सोडू नको.

जाता जाता गंमत: स्प्रिंग पोर्टलेट एमव्हीसीमध्ये व्ह्यू-रेंडरर-सर्व्हलेट नावाचा एक सर्व्हलेट वेब-एक्सएमएलमध्ये ठेवावा लागायचा. का, तर स्प्रिंगचे सगळे व्ह्यू सर्व्हलेट रिक्वेस्टवर लिहिलेले होते. पोर्टलेटची रेंडर रिक्वेस्ट त्या सर्व्हलेटमधून फिरवून आणायची, की झाली ती सर्व्हलेटवाली. खामला_कोडरला जे कास्टने करायचं होतं ते त्यांनी इन्क्लूडने केलं.


खामला_कोडर, नागपूर

सेंड-रीडायरेक्ट झालं, एफ-५ शांत. अ‍ॅक्शन-फिल्टरही बसला, पण एका फॉर्ममध्ये फोटो जोडायची सोय आहे आणि तिथे गेट-पॅरामीटर सगळंच नल देतं. नेमस्पेस लावलेलं आहे, दोनदा बघितलं.


जुनी_जावा, त्रिमूर्तीनगर

फोटो आहे म्हणजे फॉर्म मल्टिपार्ट आहे. पॅरामीटर बॉडीच्या तुकड्यांत असतात, साध्या गेट-पॅरामीटरला ते दिसत नाहीत. पोर्टल-युटिलचं गेट-अपलोड-पोर्टलेट-रिक्वेस्ट अ‍ॅक्शन-रिक्वेस्टवर बोलाव, जे मिळेल त्यावर गेट-पॅरामीटर आणि गेट-फाइल दोन्ही चालतात. लाइफरेला बांधून घ्यायचं नसेल तर कॉमन्स-फाइलअपलोडमध्ये पोर्टलेट-फाइल-अपलोड आहे, तो थेट अ‍ॅक्शन-रिक्वेस्ट घेतो. दोन्ही एकत्र लावू नकोस, बॉडीचा स्ट्रीम एकदाच वाचता येतो. एकाने वाचला की दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून तुझ्या अ‍ॅक्शन-फिल्टरमध्येही मल्टिपार्ट असेल तर इनपुट स्ट्रीमला हात लावू नकोस, कंटेंट-टाइप बघून तसंच पुढे जाऊ दे आणि साफ करायचं काम अपलोड-रिक्वेस्टमधून वाचल्यावर कर.